बैलाचे सुख कोण मोजणार?



जनावरावर दया कशी करावी हे शेतकऱ्याला शिकवणाऱ्यांची गेल्या काही वर्षांत फार गर्दी झाली आहे. न्यायालय शिकवते, सरकार शिकवते, शहरातल्या संस्था शिकवतात, दूरदर्शनवरचे पाहुणे शिकवतात. यातल्या बहुतेकांच्या दावणीला एक शेळीसुद्धा नाही. म्हणून आपल्याला राग येतो. 'आमचा बैल आम्हाला ठाऊक, तुम्ही कोण सांगणारे?' एवढे बोलून आपण विषय झटकून टाकतो.

राग खरा आहे, पण रागाने काम होत नाही. न्यायालयात राग चालत नाही, कागद चालतो. आपल्या बैलाची स्थिती काय आहे याचा कागद आपल्याकडे नसतो, तो दुसऱ्याकडे असतो. आणि ज्याच्याकडे कागद, त्याचे म्हणणे खरे ठरते.

जनावर सुखात आहे की त्रासात, हे मोजण्याचे आता एक शास्त्र झाले आहे. त्यातली बरीच मापे जनावराच्या अंगावर, चालण्यात आणि वागण्यात दिसतात. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, पैसा लागत नाही. डोळे, हात आणि एक वही पुरते. हे शास्त्र शेतकऱ्याने आपल्या हातात घ्यावे, असे या लेखाचे म्हणणे आहे. ते आपल्या चुका दाखवील, तशाच आपल्याला शिकवणाऱ्यांच्याही दाखवील. म्हणूनच ते घ्यायचे.

पाच गोष्टी आल्या कुठून?

७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तामिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती यांच्यावर बंदी घातली. त्या निकालात जनावरांच्या 'पाच स्वातंत्र्यां'चा आधार घेतलेला आहे. भूक-तहान यांपासून मुक्तता, गैरसोयीपासून मुक्तता, वेदना, जखम आणि रोग यांपासून मुक्तता, भीती व ताणापासून मुक्तता, आणि आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक.

ही यादी आपल्या देशात तयार झाली नाही. १९६४ साली इंग्लंडात रुथ हॅरिसन नावाच्या बाईंनी कारखान्यासारख्या चालणाऱ्या पशुपालनावर एक पुस्तक लिहिले. पिंजऱ्यातल्या कोंबड्या, अंधारात कोंडलेली वासरे, हलताही येणार नाही अशा जागेत बांधलेली डुकरे यांची हकिगत लोकांनी वाचली आणि मोठा गहजब झाला. तिथल्या सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९६५ साली समितीने सांगितले की जनावराला निदान उभे राहता, बसता, वळता, अंग चाटता आणि पाय ताणता आले पाहिजेत. त्यातूनच पुढे १९७९ साली पाच स्वातंत्र्यांची यादी आली.

म्हणजे ही यादी जन्मली ती कारखान्यात कोंडलेल्या जनावरांसाठी. आपला बैल कारखान्यात नाही. तरीही यादी वाचून पाहा. त्यात शेतकऱ्याला न पटण्यासारखे काय आहे? काहीच नाही. बैल उपाशी राहू नये, त्याचा खांदा सोलवटू नये, तो भेदरलेला नसावा, हे तर आपला बापही सांगत होता.

अडचण वेगळीच आहे. ही यादी ध्येय सांगते, माप सांगत नाही. 'त्रास नसावा' हे ठीक. पण या गावातल्या या बैलाला आज त्रास आहे की नाही, असला तर किती, हे कसे ठरवायचे? ते ठरवण्याची रीत नसेल तर मग ज्याचा आवाज मोठा त्याचे खरे.

कोंबड्यांनी तज्ज्ञांना दिलेले उत्तर

माणसाच्या डोळ्याला जे वाईट दिसते ते जनावराला वाईट असतेच असे नाही. याचे एक जुने उदाहरण सगळ्या पशुवैद्यकांना माहीत असते. त्याच ब्रॅम्बेल समितीने म्हटले होते की पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, ती कोंबड्यांच्या पायांना बरी नाही, जाड तारेची जाळी वापरा. सभ्य माणसांनी विचार करून दिलेला सल्ला होता. पुढे १९७३ साली ह्यूजेस आणि ब्लॅक या दोघा संशोधकांनी कोंबड्यांनाच विचारले. दोन्ही तऱ्हेच्या जाळ्या शेजारी ठेवल्या आणि कोंबड्या कुठे जाऊन थांबतात ते पाहिले. कोंबड्यांनी समितीने नाकारलेली बारीक जाळीच पसंत केली.

जनावराला बोलता येत नाही, पण निवड करता येते. ती निवड पाहण्याची रीत त्यानंतर खूप पुढे गेली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात गाईंच्या वाटेत ढकलून उघडायचे फाटक लावले आणि त्याचे वजन वाढवत नेले. पलीकडे कधी ताजा चारा ठेवला, तर कधी मोकळे कुरण. २०१७ साली त्यांनी जाहीर केले की गाई मोकळ्या कुरणासाठी जवळजवळ तितकेच वजन ढकलतात जितके ताज्या चाऱ्यासाठी. गाईला बाहेर फिरणे हा शौक नाही, गरज आहे, हे असे मोजून कळले.

आपल्याकडचा गुराखी म्हणेल, यात नवीन काय? सकाळी दावे सोडायला उशीर झाला की गाय हंबरून घर डोक्यावर घेते. खरे आहे. पण गुराख्याचे म्हणणे कोणी लिहून घेतले नाही आणि त्या फाटकाचे वजन लिहून ठेवले गेले, एवढाच फरक. हा फरक लहान नाही.

सुरगाण्याचा बैल आणि मालेगावचा बैल

हा लेख सुरगाण्याहून लिहिला आहे. वाचणारे बहुतेक कापूस-ज्वारीचे, कोरडवाहू भागातले. आपला जिल्हा एक असला तरी जनावर एक नाही.

सुरगाणा, पेठ, इगतपुरी, पलीकडे अकोले आणि गुजरातचा डांग हा डांगी गुरांचा मुलूख. अंगावर काळे-तांबडे ठिपके, कातडीला तेलकटपणा, खूर काळे आणि टणक. घाटमाथ्याच्या पावसात हे जनावर दिवसभर उघड्यावर चरते, भाताच्या खाचरात गुडघाभर चिखलात चिखलणीला चालते. पाणी त्याच्या अंगावरून निथळून जाते. तुमच्याकडचा खिलार काळ्या रानात उन्हातान्हात वखर ओढतो, कोळप्याला सरीतून सरळ चालतो. त्याला इथे आषाढात आणून बांधला तर तो आजारी पडेल. आमचा डांगी वैशाखात तुमच्या रानात जुंपला तर तोही धापा टाकील.

आता समजा शहरातून तपासणी आली. हातात छापील तक्ता: गोठ्याला पक्के छप्पर आहे काय? फरशी आहे काय? प्रत्येक जनावराला इतकी चौरस फूट जागा आहे काय? त्या तक्त्यात सुरगाण्याचा आदिवासी शेतकरी साफ नापास. त्याचा गोठा कुडाचा, जमीन मातीची आणि जनावर दिवसभर पावसात. आणि सिमेंटच्या फरशीवर, पत्र्याखाली, आखूड दाव्याने बारा महिने बांधलेले जनावर पास. कारण तिथे छप्पर आहे, फरशी आहे, नळाचे पाणी आहे.

या शास्त्रातला अलीकडचा सगळ्यात मोठा बदल नेमका इथे आहे. आधी काय मोजत? जनावराला काय दिले ते. जागा किती, छप्पर कसे, चारा किती. आता म्हणतात, दिले काय ते दुय्यम. जनावराच्या पदरात काय पडले ते पाहा. युरोपात २००४ ते २००९ या काळात बऱ्याच देशांतल्या संशोधकांनी मिळून गाई, डुकरे आणि कोंबड्यांसाठी मूल्यमापनाची जी पद्धत बसवली, तिचा मुख्य भर जनावराच्या अंगावर दिसणाऱ्या खुणांवर आहे. छप्पर मोजू नका. जनावर कोरडे, स्वच्छ आणि निवांत बसते का ते मोजा. फरशी मोजू नका; गुडघे सोलले आहेत का, ते लंगडते का, ते मोजा.

गरीब शेतकऱ्याच्या दृष्टीने हा बदल मोलाचा आहे. पैशाने बांधलेल्या गोष्टी मोजल्या तर श्रीमंत नेहमी पास आणि गरीब नेहमी नापास. जनावराचे अंग मोजले तर ज्याने खरी निगा राखली तो पास, मग त्याचा गोठा कुडाचा असो की काँक्रीटचा.

मोजतात कसे?

पहिले माप अंगाच्या भरलेपणाचे. कंबरेची हाडे, पाठीचा कणा, आखूड बरगड्या आणि शेपटीचे मूळ इथे हात फिरवायचा. हाडे टोचतात की मांसाखाली दडली आहेत, यावरून १ ते ५ असे गुण द्यायचे. १ म्हणजे हाडांचा सापळा, ५ म्हणजे चरबीचा गोळा, मधला ३ चांगला. बाजारात बैल घेताना आपण हेच करतो. फरक इतकाच की शास्त्रज्ञ तो आकडा लिहून ठेवतो आणि दोन महिन्यांनी पुन्हा पाहतो. बैल चैत्रात ३ होता आणि मृगात २ वर आला, तर पेरणीच्या तोंडावर त्याची ताकद गेली, हे वहीच सांगते.

दुसरे माप कातडीचे. मानेवर व खांद्यावर जू बसते तिथे, नाकात वेसण जाते तिथे आणि शेपटीच्या मुळाशी पाहायचे. केस गेले आहेत, सूज आहे, की उघडी जखम आहे? किती जागी, किती मोठी? खांदेसूज हे दैवाने आलेले दुखणे नसते. जू खडबडीत, शिवळा कमी-जास्त लांबीच्या, जोडी उंचीने विजोड, किंवा बैल ओल्या खांद्याने जुंपलेला. कारण यातच कुठेतरी सापडते.

तिसरे माप चालीचे. बैल सपाट जमिनीवर चालवून बाजूने पाहायचा. उभा असताना पाठ सरळ आणि चालताना कमानीसारखी होत असेल तर पायात दुखणे सुरू झाले. उभे असतानाही पाठ वाकलेली असेल तर ते वाढले. एक पाय टेकवायला कचरत असेल तर पुढची पायरी. यालाही १ ते ५ गुण आहेत. लंगडेपणा असा लवकर पकडला तर उपचार खुरापाशीच संपतो.

चौथे माप भीतीचे. गव्हाणीसमोरून सावकाश चालत जनावराकडे जायचे, हात पुढे करायचा. किती अंतरावर ते मान मागे घेते? अंगाला हात लावू देते की दोन हातांवरूनच बिचकते? हे अंतर मोजतात. रोज मार खाणारे जनावर आणि रोज खाजवून घेणारे जनावर या मापात लपून राहू शकत नाही. मालक काय सांगतो याला इथे किंमत नाही.

पाचवे माप कामाचे. बैल आपल्या वजनाच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकी ओढ बराच वेळ देऊ शकतो. ४०० किलोचा बैल असेल तर ४० किलोची ओढ. त्याहून फार वाढली की तो लवकर थकतो. आपल्या देशातल्या संशोधकांनी बैलाचा थकवा मोजण्याचा गुणतक्ता केलेला आहे: श्वास किती वाढला, नाडी किती वाढली, अंग किती तापले, तोंडाला फेस आला का, पाय अडखळतात का, जीभ बाहेर आली का, पुढे चालायला नकार देतो का. परभणीच्या कृषी विद्यापीठातही बैलशक्तीच्या वापरावर काम झालेले आहे. आपल्याला यातले निदान श्वास मोजता येतात. कुशीची उघडझाप एक मिनिट मोजायची. सकाळी जुंपण्याआधी एकदा, सोडल्यावर एकदा, आणि सावलीत पाऊण तास उभे राहिल्यावर पुन्हा एकदा. तिसरा आकडा पहिल्याच्या जवळ आला नाही तर काम जास्त झाले.

सहावे माप वागण्याचे. जनावर निवांत बसून रवंथ करते का? शेजारच्याला चाटते का? की एकाच जागी उभे राहून तीच ती हालचाल तासन् तास करत राहते, डोके डोलवते, जीभ फिरवते, दावण चघळते? अशी निरर्थक, परत परत होणारी हालचाल हे कोंडलेपणाचे लक्षण मानतात. प्राणिसंग्रहालयातल्या आणि साखळीला बांधलेल्या प्राण्यांत ती फार दिसते.

प्रयोगशाळेतली मापेही आहेत. ताण आला की अंगात कॉर्टिसॉल नावाचा स्राव वाढतो. तो रक्तात मोजतात. पण रक्त काढायला धरले की जनावर घाबरते आणि आकडा आपोआप वाढतो. म्हणून आता शेणात, लाळेत, केसांत मोजतात. शिवाय हा स्राव नुसत्या दुःखानेच वाढतो असे नाही, उत्साहानेही वाढतो. त्यामुळे एकच आकडा घेऊन निवाडा देणारा माणूस शास्त्रज्ञ नव्हे. सगळी मापे शेजारी मांडायची आणि मग बोलायचे.

माप आपल्यालाही लागेल

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, 'बरे झाले, आता शहरवाल्यांची जिरवू.' थांबा. माप आधी आपल्या दावणीला लावायचे आहे.

वैशाखाच्या उन्हात भर दुपारी जुंपलेला बैल आपल्याला रस्त्यात दिसत नाही काय? १९६५ सालचे केंद्र सरकारचे नियम आहेत, गाडी ओढणाऱ्या आणि ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी. दिवसात एकूण ९ तासांपेक्षा जास्त काम नको, सलग ५ तासांपेक्षा जास्त नको, आणि तापमान ३७ अंशांच्या वर असेल तर दुपारी १२ ते ३ जुंपणे नको. नियम होऊन साठ वर्षे झाली. किती गावांत तो कोणी वाचून दाखवला? पण नियम माहीत नसला तरी बैलाची धाप दिसतेच. पराणीची आर, शेपूट पिळणे, भूल न देता खच्ची करणे, सोललेल्या खांद्यावर पुन्हा जू ठेवणे, हे आपल्यात होते. होत नाही म्हणणाऱ्याने एक दिवस बाजारात उभे राहून खांदे मोजावेत.

याची दोन कारणे आहेत आणि ती वेगळी करून पाहिली पाहिजेत. एक कारण खिशाचे. दुष्काळात कडब्याची पेंढी परवडेनाशी होते. बैलाच्या आधी घरातल्या बाईच्या ताटातली भाकरी कमी झालेली असते. बैलाच्या बरगड्या दिसतात तेव्हा मालकाच्याही दिसत असतात. यावर दयेचे व्याख्यान हे उत्तर नाही. वेळेवर चारा आणि मालाला भाव हे उत्तर आहे. दुसरे कारण सवयीचे. जू तासून गुळगुळीत करायला, खांद्याखाली कापडाची गादी द्यायला, दुपारची जुंपणी सकाळवर घ्यायला, आर काढून टाकायला पैसा लागत नाही. पहिल्या कारणासाठी सरकारला जाब विचारू. दुसऱ्यासाठी विचारायचे ते स्वतःला.

आणि यात तोटा नाही, फायदाच आहे. मृगाचा पाऊस पडून वाफसा येतो तो मोजक्या दिवसांचा. त्या दिवसांत बैल लंगडला तर पेरणी लांबते, आणि लांबलेल्या पेरणीचा कापूस आणि ज्वारी पुढे भरून येत नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळेलही, पण उभ्या कपाशीत कोळपे चालवायला बैलच लागतो आणि आमच्या उतारावरच्या खाचरात तर ट्रॅक्टर उतरतच नाही. ज्याच्या बैलाचा खांदा ज्येष्ठात तपासलेला असेल त्याचे आषाढात अडत नाही.

आणि सरकारलाही

आता हेच माप दुसऱ्या बाजूला लावू.

मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे. कायद्याचा हेतू काय, त्यावर इथे वाद घालत नाही. प्रश्न मोजण्याचा आहे. हा कायदा एकच गोष्ट मोजतो: जनावर जिवंत आहे की नाही. ते कसे जिवंत आहे, हे तो विचारत नाही. कामातून गेलेला बैल शेतकऱ्याला विकता येत नाही, पोसता येत नाही. तो रस्त्यावर सुटला, प्लॅस्टिक खाऊन फुगला, दुसऱ्याच्या पिकात शिरून मार खाऊन आला, तरी कायद्याच्या हिशेबात सगळे ठीक. पाच स्वातंत्र्यांतले पहिले स्वातंत्र्य भुकेपासून मुक्ततेचे आहे. ते त्या बैलाला कोण देणार, हे २०१५ साली कोणी लिहिले नाही.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गाईंसाठी दर गाईमागे दररोज ५० रुपये अनुदानाचा निर्णय घेतला. तीच देशी गाय शेतकऱ्याच्या दारात असेल तर हे ५० रुपये नाहीत. तेही क्षणभर बाजूला ठेवू. अनुदान डोकी मोजून दिले जाते. मग आम्ही म्हणतो, डोकी मोजता तशी अंगेही मोजा. किती गाई २ गुणांच्या खाली आहेत? किती लंगडतात? दिवसातून किती वेळ मोकळ्या फिरतात? हे आकडे दर तिमाहीला गोशाळेच्या दारावर लावा. ज्या गोशाळा मनापासून चालतात त्यांना याची भीती वाटणार नाही. उलट त्यांचे काम लोकांना दिसेल. ज्यांना वाटेल त्यांच्याबद्दल लोकांना कळले पाहिजे.

शर्यतींचेही तेच. २०१४ ची बंदी, २०१७ साली राज्याने केलेली कायद्यातली दुरुस्ती, १६ डिसेंबर २०२१ रोजी मिळालेली अंतरिम परवानगी आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने त्या दुरुस्तीला दिलेली मान्यता, असा हा नऊ वर्षांचा प्रवास झाला. आता शर्यती अटींवर चालू आहेत. अटी पाळल्या की नाही हे कोणी मोजते काय? शर्यतीआधी आणि नंतर प्रत्येक बैलाचे श्वास, चाल, कातडी तपासून तो कागद जाहीर झाला पाहिजे. ज्याला आपला बैल जिवापाड प्रिय आहे त्याची याला हरकत असू नये. कागद नसेल तर उद्या पुन्हा कोणी न्यायालयात जाईल, आणि पुन्हा आपल्याकडे फक्त राग असेल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीचे प्रकरण ताजे आहे. जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिला गुजरातेत जामनगरजवळच्या केंद्रात हलवण्याचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला आणि हजारो लोक रस्त्यावर आले. एका बाजूला पायाच्या जखमा, सांधेदुखी, डोके डोलवण्याची सवय यांचे अहवाल. दुसऱ्या बाजूला तीस वर्षांचा लोभ. आमचे म्हणणे एवढेच की दोन्ही बाजूंना तेच माप लावा. लोकांचे प्रेम म्हणजे हत्तिणीच्या पायाचे औषध नव्हे. पण मोठे केंद्र, मोठे नाव, मोठी जागा म्हणजेही हत्तिणीचे सुख नव्हे. ज्या खुणा पाहून तिला नेण्याचा आदेश झाला, त्याच खुणा नेल्यावर दर काही महिन्यांनी मोजून जाहीर झाल्या पाहिजेत. हलवणे हा उपाय होता की नुसती जागाबदल, हे त्यावाचून कळत नाही.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप शहरातून येईल. शेतकऱ्याच्या हाती माप दिले तर तो आपल्या सोयीचे गुण लिहील. शंका रास्त आहे. पण ती शास्त्रज्ञांनाही स्वतःबद्दल असते, म्हणून त्यांनी तोडगा काढला आहे. एकच जनावर दोघांनी वेगवेगळे तपासायचे आणि गुण जुळतात का ते पाहायचे. जुळत नसतील तर पुन्हा शिकायचे. आपणही या गावची जनावरे त्या गावच्या माणसांनी तपासावीत. सोयरा असला तरी बैलाच्या बाबतीत शेतकरी शेतकऱ्याची भीड ठेवत नाही, हे कोणत्याही बाजारात दिसते.

दुसरा आक्षेप आपल्यातूनच येईल. माणसाच्या आत्महत्या थांबत नाहीत आणि तुम्ही बैलाच्या सुखाचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप मनाला लागणारा आहे. पण शेतकऱ्याच्या दावणीचा हिशेब करून पाहा. बैल खंगला की शेत खंगते, आणि शेत खंगले की घर. शिवाय बैलाच्या वहीत नुसता बैल दिसत नाही. एका तालुक्यातल्या शंभर बैलांचे गुण फेब्रुवारीपासून घसरत असतील तर ते चाराटंचाईचे पुरावे आहेत. छावणी किंवा चारा मागायला गेल्यावर 'आणेवारी येऊ द्या' म्हणणाऱ्या साहेबासमोर ती वही ठेवता येते. २०२२ साली लंपी आली, बाजार बंद पडले, जनावरे गेली. कोणाचे जनावर आधी कसे होते याची नोंद असती तर भरपाई मागताना तेवढा आधार झाला असता.

पोळ्याच्या आधी

पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेला खांदा तूप-हळदीने चोळायचा. ज्याने ही रीत घातली त्याला खांदा कुठे दुखतो हे माहीत होते. आमच्याकडे वाघबारशीला गुराख्यांची गुरे राखल्याची आठवण ठेवली जाते. रीत आहेच. त्या दिवशी हात खांद्यावर असतोच. तेव्हा डोळाही असू द्यावा आणि शेजारी वही असावी.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे पुढील सूचना मांडत आहोत.

१. येत्या खांदेमळणीला प्रत्येक गावात निदान दहा जोड्यांची तपासणी व्हावी: अंगाचा भरलेपणा, खांदा व कातडी, चाल, भीतीचे अंतर. तपासणारे दुसऱ्या गावचे असावेत. चार महिन्यांनी तीच जनावरे पुन्हा तपासावीत.

२. तालुक्याच्या पशुधन विकास अधिकाऱ्यांनी या तपासणीचे एक दिवसाचे शिक्षण गावातल्या तरुणांना व बायांना द्यावे. गोठ्यातले बहुतेक काम बायाच करतात; वही त्यांच्या हातात असावी.

३. डोंगरी तालुक्यांतल्या दवाखान्यांतील रिकाम्या जागा भराव्यात. जनावर लंगडते हे मोजून कळले आणि औषध द्यायला माणूसच नसेल तर मोजण्याला अर्थ राहत नाही.

४. जी गोशाळा सरकारी पैसा घेते, जी शर्यत सरकारी परवानगीने होते आणि जो जनावरांचा बाजार समिती चालवते, तिथे हीच मापे लावून निकाल जाहीर करावेत.

५. भूल देऊनच खच्चीकरण व्हावे आणि त्याचा खर्च शेतकऱ्यावर पडू नये.

६. डांगीसारख्या स्थानिक जातींसाठी तपासणीचे तक्ते त्यांच्या मुलखाप्रमाणे करावेत. २०१९ च्या पशुगणनेत देशातली देशी गुरे आधीच्या गणनेपेक्षा ६ टक्क्यांनी घटली. पावसात चरणाऱ्या जनावराला 'छप्पर नाही' म्हणून नापास करणारा तक्ता ही घट वाढवील.

ठराव मंजूर होवो की न होवो, पहिल्या सूचनेसाठी कोणाच्या मंजुरीची गरज नाही. पोळा येतो आहे. एक वही घ्या, शेजारच्या गावच्या दोघांना बोलवा आणि खांदे पाहायला सुरुवात करा.